धाकटीची चार वाक्यं

काज एकदा चिरलं की चिरलं. ते परत शिवून टाकता येत नाही. शिवलं तरी खूण राहते, आणि गिऱ्हाइकाचं बोट नेमकं तिथंच जातं. म्हणून शिंप्याच्या दुकानात काजं करायला थंड डोक्याचं माणूस बसवतात. ताई त्या दुकानात एकतीस वर्षं बसत होती. खिडकीखालची बुटकी खुर्ची, मांडीवर जुनी उशी, उशीवर शर्ट. खडूची खूण, कात्रीच्या टोकाचा एक टक् आवाज, आणि मग कडेनं दोऱ्याचे बारीक टाके, एकाला एक चिकटून. इतक्या वर्षांत तिच्या हातून चुकीच्या जागी चिरलेली काजं बोटांवर मोजता आली असती. त्या एका महिन्यात तिनं सात चिरली.

सातव्या काजाला मास्तरांनी कापायच्या टेबलावरून मान वर केली.

"ताई, हा शर्ट आता बरोबर बेंबीवर उघडणार. गिऱ्हाइकाला सांगू, वाऱ्यासाठी ठेवलंय."

ताई हसली नाही. तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय मघापासून? मला शिव्या घालताय का?"

"मिकॅ हॅतॅनॅ," ताई म्हणाली.

"म्हणजे शिव्याच."

"नाही हो. म्हणजे 'काय झालं, काय होतंय तुला'. फिनिशमध्ये असं विचारतात."

एरवी मास्तरांनी हा विषय संध्याकाळपर्यंत पुरवून खाल्ला असता. एकावन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्यांच्या तक्रारी शिकतात, ही बाई फिनिश शिकतेय, असं काहीतरी ते नक्की म्हणाले असते. पण कशासाठी शिकतेय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो शर्ट तिच्या मांडीवरून उचलला, घडी घालून आपल्या खणात टाकला आणि म्हणाले, "तुम्ही जा घरी. तिच्या जेवणाची वेळ झाली."

ताईची धाकटी बहीण नर्स होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती फिनलंडला गेली, ती तिथल्या एका वृद्धाश्रमात लागली आणि तिथलीच झाली. लग्न दोघींनीही केलं नाही. थोरलीचं राहून गेलं आणि धाकटीला नको होतं. दर दोन वर्षांनी ती यायची, महिनाभर आईला हसवायची, ताईचा चष्मा बदलून द्यायची आणि जायची. पाच महिन्यांपूर्वी, एका आजीबाईंची चादर बदलता बदलता ती त्याच चादरीवर कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ. तिथल्या दवाखान्यात महिने गेले, आणि मग एक दिवस चाकाच्या खुर्चीत बसून, सोबत एक अनोळखी परिचारिका घेऊन ती घरी आली. उजवा हात, उजवा पाय गेलेला. उजवा गाल ओघळलेला. आणि भाषा गेलेली.

पुरती गेली नव्हती, हेच तर अवघड होतं. "आई" म्हणता येत नव्हतं, "ताई" म्हणता येत नव्हतं. आईनं तिच्या तान्हेपणीची सगळी लाडाची नावं एकामागून एक घेतली. ती नुसती बघत राहिली, एखाद्या भल्या पाहुणीसारखी. पण आईला रडू फुटलं तेव्हा तिनं डावा हात उचलला, आईच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "एइ हॅतॅऽ."

"काय म्हणते ही?" आईनं विचारलं.

कुणाला ठाऊक!

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. डोक्यातलं एक कपाट बंद झालंय आणि दुसरं किलकिलं राहिलंय, असं समजा. रोज हजारदा तोंडात घोळलेली वाक्यं कधी कधी अशी शाबूत राहतात. ती मुद्दाम बोलत नाही, ती आपोआप येतात. तुमचं बोलणं तिला किती कळतं ते सांगता येत नाही. तिच्या त्या भाषेत बोलून बघा.

अशी चार वाक्यं शिल्लक होती. ताईनं ती मोबाईलवर टिपून तिकडे पाठवली. तिकडे धाकटीच्याच वृद्धाश्रमात काम करणारी आपल्याकडची एक नर्स होती. धाकटी तिला चष्मेवाली म्हणायची, म्हणून ताईही म्हणायची. तिच्या चहाच्या सुट्टीत इकडे दुपारचे दोन वाजलेले असायचे. तिनं उत्तर धाडलं.

'एइ हॅतॅऽ' म्हणजे संकट नाही, काळजी करू नका. 'एइ से मितॅन' म्हणजे असू दे, त्यात काही नाही. 'इहान राउहास्सा' म्हणजे सावकाश, घाई नाही. आणि 'क्युल्लॅ से सीतॅ' म्हणजे, ताई, ह्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही, पण साधारण 'हळूहळू होईल सगळं नीट'.

"बघ आई," ताई म्हणाली, "सगळी धीराचीच वाक्यं आहेत."

"मला कशाला धीर देते? तिला होतंय काय ते सांग म्हणावं."

मग ताईनं तेच शिकायला घेतलं. मिकॅ हॅतॅनॅ, काय झालं? सात्तूको, दुखतंय का? मिस्सॅ, कुठं? चष्मेवालीनं बोलून पाठवायचं, ताईनं मशिनच्या घरघरीत कानाला लावून ऐकायचं आणि शिंप्याच्या खडूनं खुर्चीच्या हातावर लिहायचं. पहिल्यांदा तिनं घरी जाऊन "मिकॅ हॅतॅनॅ" विचारलं, तेव्हा धाकटीनं झटकन मान वळवली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिनं ताईकडे ओळखीच्या डोळ्यांनी बघितलं. त्या एका नजरेवर ताई आठ दिवस तरंगत होती.

पण धाकटी जेवेना.

आधी वाटीभर खायची. मग अर्धी वाटी. मग तीन चमचे. कुस्करलेलं केळं, दुधात भिजवलेला पाव, भाज्यांचं गाळलेलं सूप, सगळ्याला तिसऱ्या चमच्याला ओठ घट्ट मिटायचे. दवाखान्यातून आलेला सूचनांचा कागद ताईनं कपाटाच्या दाराला चिकटवला होता आणि त्यातलं अक्षर न् अक्षर ती पाळत होती. पाठ सरळ. हनुवटी खाली. उजव्या गालात घास साठतो, तो श्वासात जायची भीती, म्हणून चमचा नेहमी डाव्या, चांगल्या बाजूनं. काज करणारीच्या हाताला हे अवघड नव्हतं. चमचा डाव्या दाढेवर अलगद टेकवायचा, हलकंसं दाबायचं, वाट बघायची.

तिसऱ्या चमच्याला डावा हात यायचा, ताईच्या मनगटावर थोपटायचा. "एइ हॅतॅऽ."

"सात्तूको? दुखतंय का गं?"

"एइ हॅतॅऽ."

उशाशी एक वही ठेवलेली होती, डॉक्टरीणबाईंना दाखवायची. ताई रोज लिहायची: चमचे तीन. दुखत नाही. चमचे तीन. दुखत नाही. वळणदार, सुटं अक्षर.

सोमवारी वजन एकेचाळीस किलो भरलं. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली.

"दुखत नाही म्हणते ना? गिळायला तसा अडथळा नाही. मग ताई, कधी कधी माणूस मनानंच सोडतं." त्यांनी वही मिटली. "पुढच्या सोमवारी चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालू. त्याला पर्याय नाही. थोड्या दिवसांपुरती."

आई तिथंच खुर्चीवर बसली. दोघींच्या वडलांनाही नळी थोड्या दिवसांपुरतीच घातली होती. तीन महिने ते छताकडे बघत पडून राहिले आणि नळीसकटच गेले. रिक्षात आई एवढंच म्हणाली, "नळी नाही घालू द्यायची. काय वाटेल ते कर, पण पोरीला नळी नको."

"नाही घालू देणार," ताई म्हणाली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता चमचा. ताई दुकानात अर्धाच दिवस जाऊ लागली. चव बदलून बघितली, भांडं बदलून बघितलं, धाकटी तिकडून येताना आणायची तसला निळा कप बाजारात शोधून आणला. मास्तरांनी दही पाठवलं, वर चिठ्ठी: 'ह्याला फिनिशमध्ये काय म्हणतात ते कळवा, मी पैज लावलीय.' दह्याचेही तीनच चमचे गेले. गुरुवारी दोनच.

शुक्रवारी एकाही चमच्याला तोंड उघडलं नाही. ओठांना लावलेलं सूप हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं, आणि वर तेच थोपटणं, तेच शांत, गोड "एइ हॅतॅऽ".

ताईचा तोल गेला. चमचा तिनं वाटीत आपटला.

"संकट नाही? कुणाला संकट नाही? उठून आरशात बघ जरा! काटक्या झाल्यात हातापायाच्या. तुला मरायचं असेल तर तसं सांग ना! सांग, ताई, मला मरायचंय. मग मीही उठते इथून, आणि जाते माझी काजं करायला!"

"अगं तिच्यावर काय ओरडतेस!" आई भिंत धरून आत आली. "ऐकू येतं तिला."

"ऐकू येतं ना? मग बोलू दे की! इतकी वर्षं परक्यांचं गू-मूत काढलं, त्यांना गोड बोलली, आणि घरच्यांच्या वाट्याला हे!"

बोलून झालं आणि खोलीत नुसतं सूप ठिबकत राहिलं. धाकटीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा ताईकडे. तिचा हात पुढे आला. तिनं आधी ताईचा हात थोपटला, मग आईचा. "क्युल्लॅ से सीतॅ," ती म्हणाली. हळूहळू होईल सगळं नीट.

ताई न्हाणीघरात जाऊन बादलीवर बसली आणि तिथून चष्मेवालीला बोलून पाठवलं. आवाज काबूत नव्हता. "बाई, मला एक वाक्य शिकव. 'तुला जगायचंय का' हे कसं विचारायचं ते सांग. मी रोज विचारते, दुखतंय का. ती म्हणते, संकट नाही. मग खात का नाही? मला आता तेवढंच एक विचारायचं राहिलंय."

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. चष्मेवाली बहुतेक कामातून बाजूला येऊन बोलत होती. मागं कुठंतरी भांड्यांचा आवाज होता.

"ताई, ते वाक्य मी शिकवणार नाही. आधी माझं ऐका. आम्ही 'एइ हॅतॅऽ' कधी म्हणतो सांगू? आजोबा बाथरूममध्ये पडलेले असतात, डोकं फुटलेलं असतं, तेव्हा. आजी अंथरुणात घाबरून ओरडत असते, तेव्हा. ज्याचं बरं चाललंय त्याला कशाला म्हणू? तुमची बहीण तर त्यात उस्ताद होती. शेजारच्या खोलीतून तिचा असा गोड आवाज आला ना, की मी हातातलं टाकून पळायची. तिकडे काहीतरी झालेलंच असायचं, ताई. दरवेळी."

ताईनं ते तिथंच बसून तीनदा ऐकलं.

मग ती बाहेर आली आणि तिनं वही मिटून ठेवली. विचारायचं बंद केलं. खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि नुसती बघत बसली, नवीन कापड आलं की त्याची वीण कुठून कुठं जाते ते बघायची तशी. धाकटी कधी बोलते? आई केस विंचरते तेव्हा नाही. लुळा हात सरळ करतात, तो तर दुखत असणार, तेव्हाही नाही. तेव्हा भुवया आखडतात फक्त. कूस बदलून डाव्या गालावर निजवलं, की "एइ हॅतॅऽ". शनिवारी सकाळी दात घासताना उजवीकडे काही नाही, ब्रश डावीकडे गेला, की "एइ हॅतॅऽ" आणि थोपटणं. पाण्याचा घोट डावीकडे गेला, "एइ हॅतॅऽ".

डावीकडे. चांगल्या बाजूला.

"आई, दुकानातून मास्तरांचा टॉर्च मागव. आणि ये, हिचं डोकं धर."

तोंड उघडायला धाकटी तयार नव्हती. "इहान राउहास्सा," ताई म्हणाली. सावकाश, घाई नाही. ते तिचंच वाक्य तिला परत मिळालं तेव्हा तिच्या जबड्याची पकड जराशी सैल झाली. ताईनं चमच्याच्या मागच्या टोकानं गाल बाजूला केला. आधी वास आला. मग टॉर्चच्या उजेडात दिसलं: डावीकडची शेवटची दाढ, अर्धी किडून पोखरलेली, आणि तिच्या बुडाशी सुजून पिवळी पडलेली हिरडी, द्राक्षाएवढी.

बरोबर त्याच दाढेवर ताई रोज चमचा टेकवत होती. टेकवून हलकंसं दाबत होती.

दातांच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी दाढ काढली. पू निघाला तो बराच वेळ निघत राहिला. "किती दिवस झाले असतील?" त्यांनी विचारलं.

"वीस तरी."

"आणि ह्याच बाजूनं भरवत होता?"

"हो," ताई म्हणाली. "नेमानं."

सोमवारी वजन साडेएकोणचाळीस भरलं. जबडा सुजलेला, अंगात ताप. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं, सुईतून औषध सुरू केलं, आणि नळीचा कागद पुढे सरकवला.

"कारण सापडलंय ना आता," ताई म्हणाली. "दाढ गेली. आता खाईल ती. मला दोन दिवस द्या."

"तिच्याकडे दोन दिवस फार नाहीत."

"बुधवार सकाळपर्यंत. तेवढंच."

डॉक्टरीणबाईंनी कागद ताईच्याच हातात दिला. "बुधवारी दहा वाजता," त्या म्हणाल्या.

ताई दुकानात गेलीच नाही. दर तासाला दोन चमचे, आता चमचा जिभेच्या मधोमध. सोमवारी दिवसभरात नऊ गेले. मंगळवारी अकरा. आई प्रत्येक चमच्याला आपलंही तोंड उघडायची आणि मिटायची. अकरावा गेला तेव्हा ती म्हणाली, "बघ, बसली गाडी रुळावर," आणि चक्क हसली. ताई हसली नाही. एका जेवणाचे चमचे किती होतात ते तिला ठाऊक होतं. घास तोंडात जात होता, तिथं बराच वेळ राहत होता आणि मग गळ्याची शीर न् शीर ताणून खाली उतरत होता. प्रत्येक घासानंतर धाकटीचे डोळे मिटायचे. थोपटायला हात उचलत नव्हता.

बुधवारी सकाळी नऊला दह्याचे चार चमचे गेले. पाचवा ताईनं ओठांशी नेला. धाकटीनं ओठ मिटले नाहीत, उघडलेही नाहीत. तिनं ताईकडे बघितलं, सरळ, आणि काहीतरी बोलली. चारांतलं नव्हतं. आवाजही तो नर्सचा गोड आवाज नव्हता. खरखरीत होता, खालून आलेला.

"एन याक्सा."

"काय? काय म्हणालीस? परत म्हण."

"एन याक्सा." आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे उतरलं.

ताईनं ते दोन शब्द मोबाईलवर बोलून पाठवले. तिकडे भल्या पहाटेची पाळी असावी. उत्तर लगेच आलं, लिहूनच आलं. 'हे ती म्हणाली? स्वतःहून? ताई, ह्याचा अर्थ आता माझ्यात त्राण नाही, माझ्यानं होत नाही. कामाच्या जागी आम्ही सगळ्या म्हणायचो. ती कधी म्हणाली नाही.'

ताईनं चमचा वाटीत ठेवला.

"ठेवलास कशाला?" आई घाईनं म्हणाली. "अजून तास आहे. अजून दोन-चार गेले तर त्या बाई ऐकतील."

"नाही आई."

"दे इकडे, मी भरवते."

"नको. तिच्यानं होत नाहीये."

"कुणी सांगितलं?"

"तिनं सांगितलं. महिनाभर मी तिला विचारतेय काय होतंय म्हणून. आता सांगितलं तिनं, आणि मी ऐकायचं नाही?"

आईच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा एकदम लहान झाला. "मग नळी घालणार तू."

"हो."

"तुझे वडील आठव जरा."

"आठवतात. बाबांना आपण काही विचारलंच नव्हतं, आई."

आई उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिली, पाठ करून. ताई तिच्यामागे गेली नाही. तिनं कागदावर सही केली. सहीखाली नातं लिहायची जागा होती, तिथं 'बहीण' लिहिलं.

दहा वाजता नळी आली. पातळ, पारदर्शक, हातभर लांब. वॉर्डातल्या सिस्टर जुन्या जाणत्या होत्या. "हे बघा," त्या ताईला म्हणाल्या, "नाकातून घशापर्यंत मी नेते. तिथून पुढे तिनं गिळायला हवं. गिळलं तर नळी पोटाकडे जाईल, नाही तर खोकला लागेल आणि परत काढावी लागेल. तिला सांगा, गिळ म्हणून. तुम्हाला तिची भाषा येते ना?"

ताईला 'गिळ' येत नव्हतं. ते कधी विचारून घेतलंच नव्हतं. मोबाईल खिशात होता, पण सिस्टरनी नळीचं टोक पाण्यात बुडवून पुढे आणलंसुद्धा होतं, आणि धाकटीचा डावा हात चादर मुठीत धरत होता.

ताईनं तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. मान ताणून वर केली, आपल्या गळ्यावर बोट ठेवलं आणि गिळलं. मोठ्यानं, दिसेल असं. बोटाखालून गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. धाकटी बघत होती. नळी आत सरकली, तिचे डोळे विस्फारले, अंग ताठ झालं.

ताईनं परत गिळलं.

धाकटीचा गळा हलला. एकदा. सिस्टरनी नळी थोडी पुढे सारली. "हां, अजून."

ताईनं गिळलं. धाकटीनं गिळलं. तोंडात थेंबभर ओल उरली नव्हती, घसा नुसता कोरडाच घासत होता, तरी ताई तिच्या डोळ्यांत बघत गिळत राहिली.